नाशिक ते काझा, बॅटरीच्या उशाशी

निघण्याआधी : द्वारका आणि दिंडोरी

आमच्याकडे थंडी म्हणजे निफाडची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो येतो. त्याच सकाळी नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या दुकानापुढे सेल्फ न उचलणाऱ्या दोन-तीन पिकअप उभ्या असतात. वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, त्यामुळे थंडीतली गाडी आपल्याला कळते असा माझा समज होता.

कॉलेज रोडच्या एका फोटोग्राफर मित्राला हिमबिबट्याचं वेड लागलं. जानेवारीत हा बिबट्या हिमाचलातल्या स्पितीत, काझाजवळच्या किब्बर गावाच्या आसपास खाली उतरतो. विमानानं चंदीगड गाठून पुढे तिथली टॅक्सी करायची, हा शहाण्या माणसाचा मार्ग. पण माझ्या मेव्हण्याची बोलेरो आहे, तो तिला बहीण मानतो, आणि ‘नाशकात जन्मलेली गाडी काझाला गेलीच पाहिजे’ असं त्यानं जाहीर करून टाकलं. जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर. तिघं निघायचं ठरलं आणि गाडीची वीज माझ्याकडे आली.

पहिला सल्ला ओझरच्या काकांचा. काका विमानं बनवणाऱ्या एचएएलमधून निवृत्त झाले. त्यांची सगळी नोकरी मिग विमानांच्या वायरिंगवर झाली. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा उणे 56 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे उणे 20 ऐकून त्यांची भुवईसुद्धा हलली नाही. बॉनेट उघडून त्यांनी फक्त इंजिनाची अर्थ पट्टी, म्हणजे इंजिन आणि चॅसिस जोडणारी निगेटिव्हची पट्टी, हलवून पाहिली.

“ही रंगावर कसलीयेस का रे?”

होती. चॅसिसवरचा रंग न खरवडताच कुणीतरी थिंबल (टोकाचं धातूचं कडं) आवळलं होतं. तो कुणीतरी मीच असणार, पण मी काही बोललो नाही. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाला, आणि मेव्हण्याला सेल्फ मारायला सांगितलं. 0.9 व्होल्ट! या ठिकाणी 0.2 च्या वर काही दिसू नये. म्हणजे बारातला जवळजवळ एक व्होल्ट रंगाच्या थरातच खर्च होत होता. नाशकात गाडी तरीही उचलायची, कारण इथे बॅटरीकडे उधळायला भरपूर असतं.

काकांनी आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. सेल्फची जाड तार बदलली. जुनी 25 चौरस मिलिमीटरची होती. तीनशे अँपिअर ओढले तर तीन मीटरच्या जाण्या-येण्यात 0.6 व्होल्ट खाणारी. नवीन 50 ची घेतली, तोटा निम्मा. दुसरी गोष्ट म्हणजे डाग. मी थिंबलला डाग द्यायला सोल्डरिंग गन काढली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. “डाग तारेत आत झिरपतो, पुढचा तुकडा काडीसारखा कडक होतो आणि कंप बसला की बरोबर तिथेच तुटतो. नीट दाबून घे, बास.” मग मेणाच्या दोऱ्यानं सगळा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, बांधला. वेणी घालावी तसा. साध्या पीव्हीसीचं आवरण गोठवणाऱ्या थंडीत कडक होतं आणि वाकवलं की तडकतं, म्हणून इंजिनाजवळच्या तारा सिलिकॉन रबराच्या घेतल्या. इंजिन ऑइल 5डब्ल्यू-40 टाकलं. 15डब्ल्यू-40 त्या थंडीत काकवीसारखं होतं आणि ते ढवळायचं काम शेवटी बॅटरीलाच करावं लागतं.

दिंडोरी रस्त्याला माझ्या एका दोस्ताचं शीतगृह आहे. हंगामाआधी एक रिकामं चेंबर चाचणीसाठी चालू होतं, उणे 18 वर. बॅटरीवर ‘सीसीए’ (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच तापमानाचा : उणे 18 अंशांत 30 सेकंद किती अँपिअर ओढले तरी बॅटरी 7.2 व्होल्टच्या खाली जात नाही. गोठवलेला मका आणि बॅटरी एकाच तापमानाला का मोजतात हे कोडं नाही, उणे 18 म्हणजे फॅरनहाइटचं शून्य. खाण्याच्या जागी ॲसिड नको म्हणून दोस्तानं आधी हात जोडले. मग दोन बॅटऱ्या जाड क्रेटमध्ये घालून आत ठेवू दिल्या, एक नवी पूर्ण चार्ज, एक भंगारातली चौथाई भरलेली. वीस किलोचा ठोकळा आतपर्यंत गार व्हायला रात्र पुरत नाही, दीड दिवस ठेवल्या.

नवीला दुकानात 200 अँपिअरचा भार दिल्यावर 10.7 व्होल्ट दिसले होते, चेंबरमधून काढून दिला तर 9.3. भंगारातलीचं झाकण उघडून ॲसिडचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर बुडवला तर तो बुडेचना, आत लापशीसारखा बर्फ. पूर्ण चार्ज बॅटरीचं ॲसिड दाट असतं, ते उणे 50 च्याही खाली गोठतं. बॅटरी उतरत जाते तसं ॲसिड प्लेटांत जातं, उरतं पाणी, आणि पार उतरलेली उणे 10 च्या अलीकडे-पलीकडेच गोठते.

मी खुशीत काकांना फोन केला. ते म्हणाले, “बॅटरी नेलीस, ठीक. सर्किट का नाही नेलंस?”

म्हटलं, काका, सर्किटला कसली थंडी वाजते?

दिवस 1 ते 3 : इंदूर, ग्वाल्हेर, चंदीगड

पहाटे आडगाव नाक्यावर चहा, धुळ्यात मिसळ (आपल्यासारखी नाही, हे मेव्हण्यानं सेंधव्यापर्यंत सांगितलं), रात्री इंदूर. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर, धुक्यामुळे अंधार पडल्यावर पोचलो. तिसऱ्या दिवशी दिल्ली बगलेत टाकून चंदीगड. रस्ते चांगले, लिहिण्यासारखं काही नाही.

एक नोंद मात्र. टाकीत नाशकाचं डिझेल भरून वर जायचं नसतं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते सुटं होऊन फिल्टर तुंबवतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरात पानिपत रिफायनरीचं खास हिवाळी डिझेल काढलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं. आमचा रस्ता लडाखचा नव्हता, म्हणून मी फिल्टरला 100 वॉटची हीटर पट्टी गुंडाळली होती. तिला थर्मोस्टॅट : पारा शून्याखाली गेला की चालू, 8 वर बंद. तो रिलेवरून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेची चावी फ्यूजबॉक्समधल्या इग्निशनच्या तारेवरून, म्हणजे गाडीची किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या. या पट्टीचा मला फार अभिमान होता. ग्वाल्हेरच्या धाब्यावर मी ती दोन ट्रकवाल्यांनाही दाखवली.

दिवस 4 : रामपूर

सिमला, नारकंडा. नारकंड्याला रस्त्याच्या कडेला बर्फ, फोटो झाले. तिथून सतलजकडे उतरलो तर रामपूरला स्वेटर काढावा लागला.

दिवस 5 : रेकाँग पिओ

किन्नौरचा रस्ता डोंगराच्या पोटात कोरून काढलेला आहे. डोक्यावर खडकाचं छत, खाली शे-दीडशे मीटरवर नदी. अशा जागी मेव्हण्याला गाणी सुचतात. संध्याकाळी पिओला मुक्काम, समोर किन्नर कैलास, गाडी हॉटेलच्या भिंतीला लावलेली.

दिवस 6 : पिओ ते ताबो

सकाळी सेल्फ जड गेला. एक घरघर, एक थांबा, मग उचलली. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “थंडी आहे, जड जाणारच.”

मीटर माझ्या पायाशी बॅगेत होता. काढला नाही. दुकानात पोरांनी असं केलं असतं तर दिवसभर तोंड चाललं असतं माझं.

पूहच्या पुढे खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणं घेत रस्ता चढतो आणि झाडं संपतात. नाकोच्या पुढे मलिंगच्या नाल्यावर दगड-बर्फ उतरला होता, सीमा सडकवाल्यांचा डोझर काम करत होता, दोन तास थांबलो. वेळ वाया गेला नाही, कारण त्यांच्या ट्रकचा बॅटरी बॉक्स उघडा होता. दोन बाराच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट. तेवढीच ताकद हवी असेल तर 24 ला करंट निम्मा लागतो, आणि तारेतला तोटा करंटच्या वर्गावर जातो म्हणून तो चौथाईवर येतो. मोठ्या इंजिनाला बारा व्होल्टवर उचलायचं म्हटलं तर मनगटाएवढी तार लागेल. बॉक्सला आतून नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर, टर्मिनलला ग्रीस, प्रत्येक तारेला जवळच क्लिप, कुठे काही लोंबत नाही. ऑपरेटर हिमाचलचाच होता. मी एवढं निरखून बघतोय म्हटल्यावर त्यानं विचारलं, “भाईसाब, आप भी बैटरी वाले हो?” मग डोझर बाजूला लावून त्यानं आपला नियम सांगितला : इंजिन बंद करायच्या आधी पाच मिनिटं सगळे दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवायचे, बॅटरीला शेवटचा घास घेऊ द्यायचा.

अंधार पडता पडता ताबो. इथला मठ 996 सालचा, मातीच्या भिंतींचा. बाहेरून आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांसारखा दिसतो, आत हजार वर्षांपूर्वीची चित्रं. ती उद्या बघू म्हणत होमस्टेच्या तंदूरभोवती बसलो. तंदूर म्हणजे खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून वर.

झोपायच्या आधी घरमालक आपल्या पिकअपची बॅटरी काढून आत घेऊन आला आणि दाराशेजारी ठेवली. रोज रात्री असंच. मेव्हणा म्हणाला, आपलीही आणू. मी म्हणालो, गरज नाही, ती मी उणे 18 ला तपासलीय.

दिवस 7 : ताबो, दिवसभर

पहाटे बाहेर उणे 17. चावी फिरवली. टक्. बस, एवढंच. डॅशबोर्डचे दिवे लागले आणि मावळले.

आता मीटर काढला : 11.7. बॉनेट उघडलं आणि हातमोजा फिल्टरला लागला. फिल्टर कोमट होता.

उणे 17 मध्ये, रात्रभर बंद उभ्या गाडीचा फिल्टर कोमट. मला सगळं उभ्या उभ्या कळलं. रिलेची चावी मी ज्या तारेवरून घेतली होती ती इग्निशनची नव्हतीच, किल्ली काढली तरी जिवंत राहणारी होती. पट्टी 8 अँपिअर ओढते. दहा तास म्हणजे 80. थंडीत बॅटरी तेवढं देतही नाही, देता आलं तेवढं तिनं दिलं. नाशकात हा दोष दिसणं शक्य नव्हतं, कारण शून्याखाली गेल्याशिवाय थर्मोस्टॅट चालूच होत नाही. पिओला पहाटे तो थोडा वेळ चालू झाला होता, त्यालाच मी थंडी म्हणालो. थर्मोस्टॅट, रिले, पट्टी, सगळं चोख चाललेलं. चुकलेलं फक्त माझं एक टोचण.

फ्यूज उपटला. झाकणं उघडली तर दोन खान्यांत कडेनं बर्फाचे पापुद्रे.

मालक जम्पर केबल घेऊनच आला. मी त्याला थांबवलं, आणि या सहलीत मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. गोठलेल्या बॅटरीत जोरानं करंट लोटला तर ती फुटू शकते, ॲसिड तोंडावर येतं. आधी वितळू द्यायची, पोट फुगलंय का, कुठे चीर गेलीय का ते बघायचं, मगच चार्ज. बॅटरी काढून तंदूरच्या खोलीत आणली, पण तंदूरपासून लांब, दाराकडे. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्याला विस्तव नको. घरातल्या आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसल्या. मालकाच्या बॅटरीच्या रिकाम्या जागी आता आमची होती.

दिवसभर मी तिच्या उशाशी. फोटोग्राफर आणि मेव्हणा मठ बघून आले, आतली चित्रं किती सुंदर आहेत ते मला वर्णन करून सांगितलं.

दुपारपर्यंत बर्फ गेला, डबा शाबूत होता. गावात वीज नव्हती. आमच्याकडे कॅमेऱ्यांसाठी आणलेला 500 वॉट-तासाचा लिथियमचा पॉवर बॉक्स होता, त्यानं तरी लाज राखली. पण तोही रात्रभर गाडीत होता, त्यामुळे आधी त्यालाच कोमट करावं लागलं. लिथियम थंडीत कुरकुरत का होईना वीज देतो, पण शून्याखाली ती घेत नाही. घ्यायला लावली तर आत धातूचं लिथियम साचून सेल कायमचा बिघडतो, म्हणून त्याचं सर्किटच नकार देतं. हल्ली लोक उत्साहानं शिशाची बॅटरी काढून गाडीत लिथियम बसवतात. आतल्या हीटरशिवाय इकडे आणू नका, इतकंच म्हणतो. बॉक्सवरून चार्जर लावला, संध्याकाळपर्यंत तीसेक अँपिअर-तास गेले.

मग बॅटरी गाडीत बसवली, मालकाची पिकअप शेजारी आणून तिच्यावरून जोड दिला, हीटर प्लग दोनदा तापवले, चावी फिरवली. बोलेरोनं एक आवंढा गिळला आणि उचलली. मेव्हण्यानं बॉनेटला हात लावून नमस्कार केला. मालकानं पैसे घेतले नाहीत. त्याच्या हेडलाइटची एक बाजू मंद होती, तिची अर्थ साफ करून दिली. तिथेही रंगच होता.

रात्री काकांना फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं होतं ऐकवतील. ते म्हणाले, “फ्यूज काढून ठेवलास ना? मग झोप आता.”

बॅटरी आत घेऊन झोपलो.

दिवस 8 ते 11 : काझा, किब्बर

ताबोहून काझा पन्नासेक किलोमीटर. स्पिती नदीवर बर्फाच्या लाद्या, मध्येच एखादी काळी फट आणि तिच्यात वाहतं पाणी. काझाच्या पंपावर जगातला सर्वांत उंचावरचा पंप असल्याचा फलक आहे, मेव्हण्यानं त्याच्यापुढे गाडीचा फोटो काढला, आपला नाही.

काझात आल्यावर उरलेलं एक कोडं सुटलं. दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी पोटभर का भरत नव्हती? अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनित्र, 14.3 व्होल्ट देत होता. नाशकात तेवढे पुष्कळ. पण गार बॅटरी हट्टी पोरासारखी असते, घास आत जाण्यासाठी जास्त दाब लागतो. जिथे 25 अंशांना 14.4 पुरतात तिथे उणे 15 ला 15 च्या आसपास हवेत. पुष्कळ अल्टरनेटरांत तापमान बघून व्होल्ट ठरवणारा रेग्युलेटर असतो, पण तो बसलेला असतो अल्टरनेटरच्याच पाठीवर. त्याला इंजिनाची ऊब लागते आणि तो समजतो सगळीकडे उन्हाळा आहे. खरा इलाज म्हणजे बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला सेन्सर. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून बॅटरीभोवती नमद्याची कुडती शिवून घेतली आणि पाच मिनिटं दिवे बंदचा डोझरवाल्याचा नियम पाळला. पुढच्या सकाळी उणे 22 होतं, अर्ध्या फेऱ्यात उचलली.

इथले टॅक्सीवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात. जुन्या इंजिनांना चालून जातं. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं आणि रॉकेलमध्ये ते नसतं, म्हणून आम्ही नाही म्हटलं. माझी पट्टी आता खऱ्या इग्निशनवर होती आणि, सांगायला लाज वाटते पण, ती उत्तम चालली. काही जण ऑइल चेंबरखाली निखाऱ्यांची घमेली सरकवतात. ते बघताना माझे डोळे आपोआप तारांकडे जात.

एक गंमत. थंडीत तांब्याचा रोध कमी होतो, चाळीस अंश उतरलं की सुमारे 15 टक्के. अख्ख्या गाडीत थंडी मानवणारा तेवढा एकच जीव. मी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा दोघं मोमो खात होते आणि खातच राहिले.

किब्बरला तिसऱ्या दिवशी हिमबिबट्या दिसला. पलीकडच्या कड्यावर एक करडा ठिपका, शेपूट हलली म्हणून कळलं. फोटोग्राफरच्या तीन बॅटऱ्या त्यानं बनियनच्या आत पोटाशी ठेवल्या होत्या, माझ्या सांगण्यावरून. चार तास पुरल्या. फोटोत ठिपका जरा मोठा दिसतो.

दिवस 12 ते 16 : परत

त्याच रस्त्यानं उलटे. मलिंगला डोझरवाला नव्हता.

नाशिक, दोन दिवसांनी

काका दुकानात आले. मी पट्टी, रिले आणि थर्मोस्टॅट टेबलावर काढून ठेवले होते. म्हटलं, दिंडोरीला फोन करतो, चेंबर रिकामं असेल तर या वेळी सर्किट नेतो.

“चेंबर कशाला? घरून पातेलं आण.”

पातेलं आणलं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दहा रुपयांचा बर्फ, वाण्याकडून खडेमीठ. काकांनी बर्फ ठेचला, मीठ कालवलं, पॉट आइस्क्रीमला करतात तसं. त्यात थर्मामीटर खोचला. उणे 5, उणे 12, उणे 17. “फॅरनहाइटनं आपलं शून्य असंच धरलं होतं,” ते म्हणाले, “मिठाऐवजी नवसागर घेऊन.” थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत सोडला, तार मी ताबोपूर्वी जिथे टोचली होती तिथेच पुन्हा टोचली आणि पट्टीच्या जागी 21 वॉटचा बल्ब लावला.

मेव्हण्यानं किल्ली काढून खिशात टाकली. मिनिटभरानं टक् झालं आणि बल्ब लागला.

तिघंही बघत बसलो. मग घरून पोरगी विचारायला आली, आईचं दुधाचं पातेलं कुणी नेलं.